डाव्या फेरीची लॉरी

"ही खोकत नाय, ही सोंग करते! आनि सोंग तिला कोन शिकवतोय ते आख्ख्या गावाला ठावं हाय!"

नाथा बांधावर उभा राहून ओरडत होता. खाली रस्त्यावर माझा मेहुणा कान्हू लॉरीच्या बोनेटात डोकं खुपसून उभा होता, आणि ते डोकं काही केल्या तो बाहेर काढत नव्हता. लॉरी चालू होती. चालू म्हणजे काय, धडधडायची, मध्येच गचकायची, कार्बोरेटरातून फट्ट करून थुंकायची आणि मागून काळा धूर सोडायची. हौद्यात अर्धेच दगड होते, तरी बांधाचा चढ तिला चढवत नव्हता. चढावर जाऊन ती थरथरली, मागे सरकली आणि बंद पडली. मागे दगड उतरवायला उभे असलेले लोक शिव्या देत बाजूला पळाले.

"उतरवा दगड इथंच," नाथा म्हणाला. "डोक्यावरनं नेऊ. पन ह्याचं ध्यान ठेवा रे. बांधाला भोक पडलं, आनि मिठागरवाल्याच्या लॉरीला त्याच वख्ताला खोकला झाला!"

आता ह्यातलं विष कळायचं तर आमचं गाव कळलं पाहिजे. पेणच्या खारेपाटातलं गाव. मधून बांध गेलेला. बांधाच्या बाहेर खाडी आणि मिठागरं, बांधाच्या आत भाताची खाचरं. मिठागरवाल्याला खाडीचं पाणी हवं असतं, भातवाल्याला ते विषासारखं. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की दोन-तीन पावसाळे तिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. त्यामुळे एकाच देवळात पाया पडणारी माणसं एकमेकांकडे बघताना डोळे बारीक करून बघतात. हे आजचं नाही, आज्या-पणज्यापासूनचं आहे. मी भातवाला, बायको केली मिठागरवाल्याची. शांती कान्हूची सख्खी बहीण. म्हणजे मला दोन्हीकडून शिव्या, आणि जेवायला कुठेच गोड नाही.

ही गोष्ट गोवा सुटायच्या आधीची. त्या साली माघातल्या अवसेच्या उधाणाला बांधाला खांड पडली. खांड बारकी होती, एक बैलगाडी आडवी राहील एवढी. पण पुढे शिमग्याच्या पुनवेचं उधाण होतं. ते आलं असतं तर खांडीची खाडी झाली असती आणि आमची सगळी शेती मिठागर झाली असती. माती टाकून बघितली. दिवसा टाकलेली माती रात्रीची भरती चाटून न्यायची. दगडच हवे होते, आणि दगड डोंगराकडच्या खाणीत. बैलगाडीला दिवसाला एकच फेरी जमायची.

आमच्यात रिवाज असा, की बांध फुटला की घरटी एक माणूस बांधावर द्यायचा. घरात मयत असलं तरी द्यायचा. जो देणार नाही तो वाळीत. त्याच्या घरचं पाणी बंद, विस्तव बंद, पोरीबाळींची लग्नं बंद. कान्हूने पंचांना सांगितलं, मी माणूस देत नाय, लॉरी देतो. नाथा बांधाचा कारभारी. त्याने ते कबूल केलं, पण सगळ्यांदेखत म्हणाला, "लॉरी चालली तर तू गावाचा. नाय चालली तर तू खाडीचा."

आणि नेमकी ती चालेना. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

लॉरी लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवरची. कान्हू तिच्यातून मीठ भरून वडखळवरून कोलाडला, रोह्याला न्यायचा. मीठ वाहणाऱ्या गाडीला शेवटी मीठच खातं. तिचा डिस्ट्रिब्युटर खाल्ला गेला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनातल्या चार नळकांड्यांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा. कान्हू त्याला 'वाटप्या' म्हणायचा. त्याची टोपी तडकली, आतला दांडा गंजून खुळखुळायला लागला. बांधाचं काम निघालं म्हणून कान्हूने घाईघाईने रोह्याच्या मोरू भंगारवाल्याकडून तसलाच दुसरा वाटप्या आणला आणि स्वतःच्या हाताने बसवला. एरवी ही कामं तो पेणच्या मिस्त्रीकडून करून घ्यायचा. ह्या वेळी म्हणाला, मिस्त्रीकडे दोन दिवस जातील, आणि तोवर इथे नाथा मला खाऊन टाकील. जुना काढताना त्याने तारा मुळ्याची जुडी उपटावी तशा एका झटक्यात उपटल्या. कुठली तार कुठून निघाली ते बघितलं नाही. तेव्हापासून लॉरी खोकायला लागली.

त्याने काय केलं नाही? पेट्रोलची टाकी उपसून गाळली. कार्बोरेटर खोलून तोंडाने फुंकला, आणि पेट्रोल गिळून दुपारभर ओकला. प्लग काढून काचकागदाने घासले. वाटप्याच्या आत दोन पॉइंट असतात, त्यांच्यातली फट पोस्टकार्डाच्या तुकड्याने मोजून नीट केली. वाटप्याची मान जराशी इकडे, जराशी तिकडे फिरवून बघितली. इकडे फिरवला की थुंकायची, तिकडे फिरवला की मरायची.

शेवटी त्याने रोह्याला निरोप धाडला. मोरू एसटीने आला. अंगाने वाळका, तोंडाने तिखट. आल्याबरोबर कान्हूने काय करावं? पाणी द्यावं, बस म्हणावं. ते नाही. म्हणाला, "सडका माल गळ्यात मारलास रे माझ्या."

मोरू तिथल्या तिथे उभा राहिला. "सडका? बसवनारा सडका आसंल. माल मी चालत्या गाडीवरनं काढलेला हाय."

"मंग खोकते कशी?"

"नाचता येईना, आंगन वाकडं! तू मिस्त्री हायेस का? तारा कुठल्या वळीनं लावल्यास?"

"एक, तीन, चार, दोन. नळकांडी पेटत्यात तीच वळ. मला शिकवतोस? बारा वर्सं चालवतोय."

"चालवतोयस म्हंजे ढुंगन सीटावर ठेवतोयस," मोरू म्हणाला. "आता ऐक. चोर म्हन्लास म्हनून हात लावनार नाय मी. गाडी चालू ठेव, नि एकेक तार उपट. जी उपटल्यावर इंजिन मराया लागंल ते नळकांडं जितं. जी उपटून काय फरक पडनार नाय ते मेलेलं. मेलेलं कुठलं ते कळलं की बस रडत."

एवढं बोलून तो जो फिरला तो थेट वडखळच्या वाटेला लागला. मी मागे धावलो. म्हटलं, "आवो, गावाची जमीन जाते हो."

"तुमची जाते, माझी नाय," मोरू म्हणाला. "शब्द मागं घ्याया सांगा तुमच्या मेव्हन्याला."

मी कान्हूकडे बघितलं. कान्हूने तोंड फिरवलं. दोघेही एका मातीचे, एकेक गाढव. मोरू गेला.

मग मीच कान्हूच्या पाठीला लागून तारा उपटायला लावल्या. पहिली उपटली, इंजिन मरायला लागलं. चौथी उपटली, तसंच. दुसरी आणि तिसरी उपटली तर काहीच नाही, होती तशीच खोकत राहिली. म्हणजे मधली दोन नळकांडी मेलेली. कान्हूने त्या दोघांचे प्लग काढून कडेच्या दोघांना लावले, कडेचे मधल्यांना लावले. तरी मेलेली तीच दोन. ठिणगी बघितली, तर ठिणगी चारींना. निळी, कडक.

"दाजी," कान्हू घाम पुसत म्हणाला, "ठिनगी हाय, पेट्रोल हाय, प्लग बरं हायेत. मंग मधली दोन पेटत का नाय?"

मला काय ठाऊक? मी नांगरावरचा माणूस. म्हटलं, "मोरूचे पाय धर."

"जीव गेला तरी नाय," तो म्हणाला. बहिणीसारखाच हट्टी.

आणि मग ती सकाळ आली, जिच्यापासून मी सांगायला सुरुवात केली. पुनव परवावर आली होती. लॉरी चढावर मेली, लोकांनी दगड डोक्यावर घेतले, आणि नाथा बांधावरून खाली उतरून थेट कान्हूच्या पुढ्यात आला. त्याच्यामागे सगळं बांधाचं माणूस. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात घमेलं.

"उघड," नाथा म्हणाला.

"काय उघडू?"

"ते काळं डबडं. चार पंचांम्होरं उघड. काय कोंबून ठेवलंयस त्यात ते बघू दे. तूच मुद्दाम बिघडवून ठेवलीयस. बांध गेला की तुझी मिठागरं आत सरकनार!"

"नाथा, जिभेला हाड ठेव!"

"शिमगा आलाय, कान्हू. होळीला लाकडं कमी हायेत. ही लॉरी घालू का?"

तेवढ्यात कान्हूची बायको पुतळी घमेलं टाकून मध्ये शिरली. ती बाई तशी ठेंगणी, पण आवाज खाडीपलीकडे जाईल असा. "घाला ना! घाला! आनि मंग दगड कशातनं आननार, नाथाभाऊ? तुमच्या तोंडातनं? तोंड तेवढं मोठं हायेच तुमचं!"

"ए गो, बायामानसांनी मधी बोलू नये."

"बायामानसांनी दगड व्हायाचं, नि बोलू नये व्हय? ह्या हाताला घट्टं बघा! माझा नवरा तीन दीस जेवला नाय धड, नि तुमी म्हनता सोंग!"

मागून कोणी तरी ओरडलं, "वाळीत टाका! आत्ताच टाका!" आणखी दोघे-चौघे ओरडले. मी मध्ये पडलो तर माझ्याच छातीवर पहारेचं टोक आलं. खरं सांगतो, भीती वाटली. ओळखीची माणसं, ज्यांच्या पंगतीला बसलो ती, आणि एकाचाही डोळा ओळखीचा वाटत नव्हता.

कान्हूने बोनेट वर केलं. त्याने दोन्ही क्लिपा काढल्या आणि टोपी तारांसकट उचलून बाजूला लटकवली. आत काटा दिसायला लागला. इंजिन फिरलं की हा काटा फिरतो आणि टोपीतल्या एकेका तारेला ठिणगी देत जातो.

"घे," कान्हू म्हणाला. "बघ काय कोंबलंय. नि तूच मार हँडल. तुझ्या हातानं मार, म्हंजे म्हनू नको कान्हूनं जादू केली."

नाथाने पुढून हँडल घातलं आणि जोर करून मारलं. इंजिन जडपणे वळलं. सगळी मुंडकी बोनेटावर वाकली. त्यात ठमाबाई सगळ्यांच्या पुढे. ठमाबाई म्हणजे गावातली सगळ्यात जुनी बाई. बाळंतपणापासून तिरडीपर्यंत तिच्यावाचून कुणाचं पान हलत नाही, आणि चांगला शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही.

"आनि येकदा मार रे," ती म्हणाली. नाथाने मारलं. ठमाबाईने कपाळावर हात मारला. "अगो बया बया! हे तर उलटं फिरतंय गो!"

"काय उलटं?"

"डावीकडं फिरतंय! जातं उजवं फिरतं, देवाची फेरी उजवी, लग्नात नवरा-नवरी उजवी फिरत्यात. डावी फेरी कोनाला घालत्यात? मढ्याला! ह्या लॉरीच्या पोटात मसनवटीची फेरी चालू हाय, म्हनून बांध फुटला आपला!"

बायका दोन पावलं मागे सरल्या. नाथाने हँडल हातातून टाकलं आणि तळवे धोतराला पुसले. "बघा! मी म्हन्लो नव्हतो? अपसव्य गाडी हाय ही! गावावर मरन आनलंन ह्यानं!"

मी कान्हूकडे बघितलं. वाटलं, आता हा पहार उचलतो आणि कुणाचं तरी डोकं फोडतो. पण कान्हू हलला नव्हता. तो त्या काट्याकडे बघत होता. मग लटकवलेल्या टोपीकडे बघितलं. मग पुन्हा काट्याकडे. आणि एकदम स्वतःच्याच थोबाडात मारून घेतली, अशी की आवाज झाला.

"दाजी," तो म्हणाला, "मी उजवीकडनं लावल्या."

"काय?"

"तारा. एक, तीन, चार, दोन. वळ बरोबर हाय. पन मी त्या उजव्या फेरीनं लावत गेलो. हळदीकुकू लावावं तशा. देवाला फिरावं तशा. काटा डावीकडं फिरतोय हे मी बघितलंच नाय!"

मला अजून कळलं नव्हतं. त्याने बोटाने दाखवलं तेव्हा कळलं. ओळ तीच, पण काटा उलटीकडून येणार. पहिल्याला ठिणगी बरोबर, चौथ्याला बरोबर. पण तिसऱ्याची दुसऱ्याला आणि दुसऱ्याची तिसऱ्याला. भलत्या वेळी पेटल्यावर ती मधली दोन बिचारी थुंकणार नाहीत तर काय करतील?

कान्हूने दुसरी आणि तिसरी तार उपटून अदलाबदल केली. टोपी बसवली, क्लिपा लावल्या. "नाथा, मार हँडल."

"मी नाय शिवनार आता त्याला."

"मी मारते," पुतळी म्हणाली, आणि पदर खोचून तिने मारलं.

इंजिन एका झटक्यात लागलं. ना फट्ट, ना गचका, ना थुंकणं. एका लयीत घुमायला लागलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तो असा. पुतळी हँडल हातात धरून रडायला लागली आणि रडता रडता नाथाला शिव्या द्यायला लागली. मलाही गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर कान्हू लॉरीतून उतरलाच नाही. खाणीवर भरायची, बांधावर ओतायची, परत खाणीवर. चढावर ती हत्तिणीसारखी चढायची. भरायला आणि उतरायला लोक होतेच, तेच लोक जे वाळीत टाका म्हणत होते. दगड हौद्यात टाकताना मात्र हात लॉरीला लागू नये म्हणून लांबून फेकत होते. पुनवेच्या आत खांड बुजली. उधाण आलं, बांधाच्या उरापर्यंत चढलं, दगडांत फुसफुसलं आणि मागे गेलं. आत एक ओंजळ खारं पाणी आलं नाही. बांधाला नारळ फुटला, नाथाच्या हाताने.

आणि दुसऱ्या दिवशी देवळात पंच बसले. मला वाटलं, कान्हूला निदान नारळाची शेंडी तरी देतील. नाथा खाकरला आणि म्हणाला, "कान्हूनं मानूस दिला नाय, लॉरी दिली. लॉरीनं काम केलं. म्हनून कान्हू गावात. त्याच्यावर काय दोष नाय."

कान्हूने हात जोडले.

"पन लॉरी वाळीत," नाथा म्हणाला. "उलटी फिरनारी वस्तू वेशीच्या आत नको. बाहेर उभी करायची."

कान्हूला आधी हसू आलं. मग त्याने समजावून सांगितलं, इंजिनाची घडणच तशी आहे, कंपनीनेच तसं केलेलं, काटा उजवा फिरवता येत नाही. आधी तारा उजव्या फेरीने होत्या तेव्हा काय हाल होते ते बघितलंत ना? ठमाबाई मागून म्हणाली, "खोकू दे की. खोकली तरी धर्मानं खोकत व्हती."

पंचांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "आवो, हिनंच तुमची जमीन राखली!" नाथा म्हणाला, "मसनातलं लाकूड थंडी घालवतं म्हनून चुलीत घालतो का आपन?" कान्हू उठला, लॉरी वेशीबाहेर नेऊन चिंचेखाली लावली आणि रात्री तिथेच तिच्या टपावर निजला. शांती भाकरी घेऊन गेली, तर तीही खाल्ली नाही.

सकाळी मला पेणला जायचं होतं. एसटी आमच्या गावात येत नाही, ती गाठायला दोन तास चालावं लागतं. लग्नसराई तोंडावर आलेली, बाजार करायचा होता. वेशीबाहेर जाऊन बघतो तर चिंचेखाली निम्मं गाव. बोचकी, पिशव्या, वालाच्या शेंगांच्या पाट्या, कोंबड्या. सगळ्यांत पुढे ठमाबाई आणि तिच्यामागे नाथा, डोक्यावर तांदळाची गोणी.

"काय रे?" कान्हू टपावरून म्हणाला. "वाळीत टाकलेली हाय ना ही?"

"वेशीच्या आत," नाथा म्हणाला. जमिनीकडे बघून म्हणाला. "बाहेर बसाया काय हरकत नाय. पंचांनी तसं काय म्हन्लेलं नाय."

कान्हू खाली उतरला. त्याचे डोळे तांबडे झाले होते. मला वाटलं, आता हा सगळ्यांना हाकलून देतो, आणि हाकलावंच असंही वाटलं. पण त्याने बोनेटावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश बोलला.

"बसा. सगळ्यांनी बसा. पन माझ्या गाडीचा बी येक रिवाज हाय. चढायच्या आधी तिच्याभोवती येक फेरी मारायची. डावीकडनं."

लोक नाथाकडे बघायला लागले. नाथाने पेणच्या वाटेकडे बघितलं, वर चढत्या उन्हाकडे बघितलं, डोक्यावरच्या गोणीला हात लावून बघितला.

ठमाबाईने आपली पाटी पहिल्यांदा लॉरीत टाकली. "मेल्यावर कोन तरी घालनारच हाय," ती पुटपुटली आणि चाकाला हात लावत लावत डावीकडून निघाली. मग बायका निघाल्या. मग मी निघालो. लाज वाटली नाही, उलट बरंच वाटलं.

सगळे चढल्यावर नाथा एकटा खाली राहिला. कान्हूने इंजिन चालू केलं. नाथाने गोणी खाली ठेवली, धोतराचा सोगा हातात धरला आणि खाली मान घालून डावीकडून चालायला लागला. मागच्या चाकापाशी त्याने हळूच जवळून वळण घेतलं.

"नीट मारा, नाथाभाऊ," पुतळी वरून म्हणाली. "कोपरा कापू नका."